उ म्हणजे उघडे

लियाकत मिस्त्रीनं निवृत्ती पगारेला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा निवृत्तीनं एकट्यानं अख्खं नाशिक अडवून धरलं होतं. सन चौऱ्याहत्तर, एप्रिल महिना, दुपारचे दोन. सातपूरच्या रस्त्याचं डांबर इतकं वितळलं होतं की एका कुत्र्यानं चारही पाय एकदम उचलून चालायचा प्रयत्न केला आणि तो त्याला जवळजवळ जमला. अशा रस्त्याच्या मधोमध एक काटकुळा माणूस हातात पेटलेली उदबत्ती घेऊन, डोळे बारीक करून उभा होता. त्याच्यामागे दुसऱ्या पाळीची बस, दोन टांगे, शे-दीडशे सायकली, लग्नाचा एक बँड आणि मुंडावळ्यांआडून घाम पुसणारा नवरदेव, त्याच्या घोड्यासकट. एका हवालदारानं हे काहीतरी धार्मिक आहे असं समजून टोपी काढली होती. दोन बायका पदर सारखे करून रांगेत उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीनं पिशवीतून नारळही बाहेर काढला होता. लियाकत ही हकीकत जितक्यांदा सांगायचा तितक्यांदा मागची रांग थोडी लांबायची. अखेरीस ती त्र्यंबकेश्वराला पोचली आणि पुढे डोंगर असल्यामुळेच थांबली.

"काय हो, कुठल्या देवाचं चाललंय?" लियाकतनं विचारलं. हातात थापी, अंगावर चुना. त्याचंही रूप काही नवरदेवाचं नव्हतं.

"देवाचं नाही. धूर कुठं जातो बघतोय."

"ते बघायला रस्ताच लागतो?"

"रस्त्यात वारा मोकळा असतो. बघा, मावळतीकडून चांगला येतो, आणि त्या पत्र्याच्या चाळीपाशी येऊन मुकाट थांबतो. आत शिरत नाही. का शिरत नाही?"

"त्याला बोलावलंय कुणी?" लियाकत म्हणाला. त्यानं आपलं थट्टेत म्हटलं होतं. पण निवृत्तीनं खिशातून वही काढली, उदबत्ती लियाकतच्या हातात दिली आणि ते वाक्य लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी लिहून घ्यावं असा प्रसंग मिस्त्रीवर जन्मात आला नव्हता. पुढची बारा वर्षं तो ह्या माणसाला सोडू शकला नाही, ह्याचं कारण बहुधा तेच.

निवृत्ती एका कचेरीत अनुरेखक होता. कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी कुणाला कळणार नाही. अनुरेखक म्हणजे साहेबानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारा माणूस. साहेबाची रेघ वाकडी असली तर त्यानं ती इमानानं वाकडीच गिरवायची. पगार हाताचा, डोकं घरी ठेवून आलं तरी हजेरी लागते. निवृत्तीची अडचण एवढीच, की तो डोकं बरोबर घेऊन जायचा.

इमारत दिसली की तो वैद्यासारखी तिची नाडी बघायचा. "ही नाक दाबून बसलीय," "हिला दम लागलाय," "हिच्या पोटात वायू धरलाय," असे निकाल तो सायकलीवरून जाता जाता द्यायचा, आणि तेही मोठ्यानं, त्यामुळे आसपासच्या पोटवाल्या गृहस्थांचे गैरसमज होत. कुणाच्या घरी गेला की आधी कपाट हलवायचा. लियाकतच्या घरी त्यानं इतक्यांदा कपाट हलवलं की गुलजारबीनं, म्हणजे लियाकतच्या बायकोनं, शेवटी त्यातले कपडेच काढून पेटीत ठेवले. "निवृत्तीभाई आले की मी नवऱ्यापेक्षा कपाटाला जपते," ती म्हणायची. उन्हाळ्यात लोक त्याला लग्नाला बोलवायचे नाहीत, कारण तो मांडवाची एक बाजू सोडवून टाकायचा. मयताच्या घरी गेला तरी टेकायच्या आधी झरोका कुठं आहे ते बघायचा.

ह्या शेवटच्या खोडीला मात्र लियाकत हसत नसे. तिचं कारण त्याला ठाऊक होतं.

एकाहत्तरच्या मे महिन्यात निवृत्तीची पाच महिन्यांची मुलगी गेली होती. नावावर घरात एकमत होईना म्हणून सगळे तिला नुसतं बबी म्हणत. सिमेंटच्या पत्र्याची एक खोली, एक दार, खिडकी नाही. दुपारी झळा आत येतात म्हणून चांगुणानं दार लावून घेतलं. कुठलीही आई लावील. चार वाजता उघडलं तेव्हा पोरीचं अंग तापल्या तव्यासारखं झालं होतं. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी नातेवाईक जमले, बबीच्या नावानं उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला आणि पत्र्याखाली तसाच साचून राहिला. ना पुढे, ना मागे. लोक रडत होते आणि निवृत्ती वर बघत होता.

चांगुणा निफाडकडची, बोलणं मोजकं. त्या दिवसानंतर तिनं दुपारी घरात बसणंच सोडलं. कुणाच्या लिंबाखाली, कुणाच्या ओट्यावर, ऊन सरकेल तशी सरकत राहायची. लियाकत एकदा चहाला गेला तेव्हा तिनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं. नवरा समोरच बसला होता, पण ती लियाकतकडे बघून बोलली.

"भाई, यांला सांगा. मला मोठं घर नको, भांडी ठेवायला फळी नको. लेकरू निजंल एवढं गार पायजे. तसलं घर व्हईस्तोवर मी दुसरं लेकरू आणायची नाय."

लियाकतला कळलं, की हा माणूस वाऱ्याच्या मागे का लागलाय, आणि वारा सापडला नाही तर काय सापडायचं राहून जाईल.

शहात्तर साली कचेरीनं आपल्या खालच्या नोकरांसाठी सातपूरच्या अंगाला दुमजली चाळ बांधायचं ठरवलं. सोळा खोल्या. निवृत्तीचं नाव यादीत होतं. साहेब म्हणाले, नेहमीचा नकाशा गिरव. निवृत्तीनं गिरवला. फक्त गिरवता गिरवता त्यानं त्यात थोडा वारा घातला.

चाळीच्या मधून मावळतीकडून उगवतीकडे जाणारा एक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. बोळाची दोन्ही टोकं विटांच्या जाळीची. प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत विटा गाळून ठेवलेली भोकं, तिथं पाण्याचा रांजण; आणि बोळाकडच्या भिंतीत छताखाली तशीच भोकं. वारा बोळातून पळणार, पळताना खोल्यांमधली तापलेली हवा वरच्या भोकांतून ओढून नेणार, आणि तिच्या जागी खालून, रांजणापाशी गार झालेली हवा आत येणार. "वाऱ्याला आत यायला दार लागतं, तसं बाहेर जायलाही लागतं," निवृत्ती समजावायचा. "जिथून निघता येत नाही तिथं पाहुणासुद्धा येत नाही."

"हे ठिपके कसले?" साहेबांनी विचारलं.

"हवेसाठी, साहेब. शिवाय विटा वाचतात."

साहेबांनी दुसरं वाक्य ऐकून सही केली, आणि पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली.

बांधकाम लियाकतकडे आलं. लियाकत उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेला. मराठी अक्षरं त्याला ओळखीच्या माणसांसारखी होती, म्हणजे तोंडं पाहिलेली, नावं आठवत नाहीत. निवृत्तीनं त्याला दोनच शिकवली. उ म्हणजे उघडे. बं म्हणजे बंद.

"उ सोपा आहे," लियाकत म्हणाला. "तीनाच्या आकड्यानं टोपी घातली की उ."

निवृत्तीनं नकाशावर तर उ लिहिलेच, पण कुणी चुकून भोक बुजवू नये म्हणून भिंतींवरही गेरूनं लिहिले. जिथं भोक तिथं उ. काम वर चढत गेलं तशी ती चाळ मुळाक्षरं गिरवणाऱ्या पोराच्या पाटीसारखी दिसायला लागली. येणारेजाणारे थांबून वाचायचे. एका शिक्षकानं तर विचारलं, अ कुठं गेला.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत छत घालून झालं. गिलावा व्हायचा होता. निवृत्ती चांगुणाला घेऊन आला आणि यादीप्रमाणे आपल्याला मिळणाऱ्या, तळमजल्यावरच्या दुसऱ्या खोलीत तिला उभं केलं. खालच्या भोकापाशी उदबत्ती धरली. धूर खोलीत शिरला, वळला, भिंतीनं वर चढला आणि वरच्या भोकातून बोळात गेला. लियाकतनं आयुष्यात पाच-पन्नास घरं बांधली होती. आपण बांधलेल्या घराला श्वास घेताना तो पहिल्यांदा बघत होता.

चांगुणानं खाली बसून भोकाशी हात धरला. बराच वेळ धरला. मग उठली, खोलीत इकडून तिकडं चालली, आणि एका कोपऱ्यात थांबली.

"पाळणा हितं बसंल," ती म्हणाली.

निवृत्ती वहीत काहीतरी लिहू लागला. लियाकत बाहेर जाऊन उगाच एक वीट भिजवत बसला.

पुढच्याच महिन्यात लियाकतच्या मुलीचं, रोशनबीचं लग्न निघालं. येवल्याचं स्थळ, पैठणी विणणारं घर. लियाकतनं बारा दिवसांची रजा घेतली आणि काम मेहुण्यावर, जमीलवर सोपवलं. जमील तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, गिलाव्यात हात असा सफाईदार की भिंतीवरून माशी घसरावी. डोकंही तितकंच गुळगुळीत. लियाकतनं तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. तो निवृत्तीच्या मागे लागला. "निवृत्तीभाऊ, तू आला नाहीस तर मी वरात परत पाठवीन." निवृत्ती म्हणाला, गिलावा सुरू होतोय, मी इथं असलेलं बरं. "जमील आहे ना," लियाकत म्हणाला. हे तीन शब्द त्याला पुढं जन्मभर पुरले.

येवल्याला निवृत्तीनं करायचं तेच केलं. मुलाकडच्यांच्या मागच्या खोलीत माग होता. खिडक्या बंद, वर ओली फडकी. निवृत्तीनं बसण्याआधी दोन्ही खिडक्या उघडल्या. व्याही धावत आले.

"अहो पाव्हणं, लावा लावा. वारा लागला की रेशीम कोरडं पडतं, तार तुटते."

"पण माणूस उकडतोय."

"माणूस तुटत नाही ना."

सगळे हसले. निवृत्तीही हसला. तो लग्नाला आठ दिवस राहिला, आणि रोशनबीला निरोप देताना बापापेक्षा जास्त रडला. लियाकतनं त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल केली. बुधवारी दोघं मिळूनच एस.टी.नं नाशिकला परतले आणि थेट चाळीवर गेले.

चाळ सुंदर दिसत होती. चारही भिंती अंड्याच्या कवचासारख्या सफाईदार. एकही उ नव्हता.

जमील शिडीवरून उतरला. चेहरा असा, जणू त्याचंच लग्न झालं होतं. "भाईजान, एक भी उ सोडला नाय. दिवसाला पंधरा-पंधरा पुरे केले."

झालं होतं ते असं. लियाकतमागोमाग निवृत्तीही येवल्याला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी खंडेराव नावाचे नवे देखरेखीचे साहेब आले होते. त्यांनी नकाशा उलगडला. नकाशात उ म्हणजे उत्तर, हे त्यांना शिकवलेलं. इथं उत्तरेच्या भिंतीवर उ, दक्षिणेच्या भिंतीवर उ, बोळाच्या दोन्ही टोकांना उ. चारी बाजूंनी उत्तर असलेली इमारत त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिली. ते पोट धरून हसले आणि त्यांनी जमीलला विचारलं, हे भिंतीवरचे उ काय आहेत बाबा? जमीलला मेहुण्याची अब्रू राखायची होती. माहीत नाही असं म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं भोकं पाहिली, अर्धवट दिसणाऱ्या विटा पाहिल्या, आणि सांगितलं, "साहेब, उ म्हणजे उरलेलं. उस्तादनं उरलेलं काम लिहून ठेवलंय." खंडेरावांना ते एकदम पटलं. तपासणी मंगळवारी होती. जमीलनं आठ माणसं जास्तीची लावली आणि उरलेलं काम पुरं केलं. बोळाचं मावळतीकडचं टोक तर त्यानं स्वतःच्या हातानं लिंपलं. तिथं आता विजेच्या मीटरांची खोली व्हायची होती. मोठे साहेब येऊन भिंतीवरून हात फिरवून गेले आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करून गेले.

लियाकतनं जमीलच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. निवृत्तीनं तो धरला.

"त्याला काय ठाऊक," तो म्हणाला. "अक्षर माझं."

पुढं निवृत्तीनं भोकं पुन्हा उघडण्यासाठी कचेरीकडं अर्ज केला. उत्तरादाखल त्याच्याकडूनच खुलासा मागवला: मंजूर इमारतीस चार उत्तर दिशा कशा? निवृत्तीनं सात पानी खुलासा लिहिला. त्यात वारा, रांजण, बोळ, धूर, सगळं होतं. एक चाळीची आकृती होती, जिच्यात बाण इतके काढले होते की ती साळिंदरासारखी दिसत होती. बबीचा उल्लेख नव्हता. कचेरीनं पहिलं पान वाचलं आणि मंजूर नकाशावर विनापरवानगी अक्षरं लिहिल्याबद्दल त्याला नकाशांपासून दूर केलं. त्याला बसवलं आवक-जावक विभागात. ज्यानं जन्मभर वाऱ्याची आवक-जावक लावायचा ध्यास घेतला, त्याच्यापुढं आलेल्या आणि गेलेल्या पत्रांची वही ठेवली. कचेरीला विनोदबुद्धी नसते, म्हणूनच तिला असले विनोद जमतात.

खोली मात्र मिळाली. यादीप्रमाणे, तळमजला, दुसरी. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लियाकत छिन्नी-हातोडी पिशवीत घालून आला आणि कुणाला न विचारता त्यानं खालची दोन आणि वरची दोन भोकं पुन्हा फोडली. सिमेंट जमीलनं लावलेलं, फुटता फुटेना. घामानं निथळत तो बाजूला झाला आणि निवृत्तीनं उदबत्ती पेटवली.

धूर सरळ वर गेला आणि छताखाली थांबला.

"बोळ बंद आहे," निवृत्ती हळू म्हणाला. "वारा एका खोलीत येत नसतो, मिस्त्री. आला तर चाळीत येतो."

मग तो चाळीतल्या पंधरा दारांवर गेला. सगळ्यांनी मिळून अर्ज केला तर बोळाची टोकं उघडता येतील, मीटर दुसरीकडं नेता येतील. लियाकत त्याच्या मागं मागं. वरच्या चिमणाबाईनं पदरानं वारा घेत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पगारेभाऊ, भोकं पाडली तर आमचं भांडण शेजारी ऐकतील. आता कसं, भांडायला मोकळं वाटतं." बहिरू शिपायाला उंदरांची धास्ती होती. एकाला चोरांची होती, जरी चोरण्यासारखं त्याच्याकडं चोरानंच आणून ठेवावं लागलं असतं. कुणी वाईट नव्हतं. पत्र्याखालून पक्क्या भिंतीत आलेली माणसं. गुळगुळीत भिंत ही त्यांना पहिल्यांदाच मिळालेली वस्तू होती, आणि तिला कुणी भोक पाडतो म्हटल्यावर त्यांना ते आपल्याच अंगावर पाडल्यासारखं वाटत होतं. अर्जावर दोन सह्या झाल्या. त्यातली एक निवृत्तीची.

पावसाळ्याच्या तोंडाशी चांगुणानं लियाकतला बोलावणं धाडलं. निवृत्ती कचेरीत होता.

"भाई, ती भोकं बुजवा."

"वहिनी, थोडं थांबा. पुढच्या वर्षी..."

"नुसती धूळ येती. बुजवा."

लियाकतनं जमीलला आणलं नाही. स्वतः कालवलं, स्वतः भरलं. चौथ्या भोकावर थापी फिरवताना ती मागं उभी राहून बघत होती. काम झाल्यावर तिनं चहा दिला, आणि त्या पाळण्याच्या कोपऱ्यात धान्याची कोठी सरकवायला मदत करा म्हणाली. दोघांनी मिळून कोठी सरकवली. ती बरोबर बसली.

रोशनबीला पुढं तीन मुलं झाली. लियाकत नातवंडांचं नाव चांगुणासमोर काढत नसे, पण ती स्वतःच विचारायची, आणि प्रत्येकाचं वय महिन्यानिशी तिच्या लक्षात असायचं. तिकडं इंदिरानगरकडं नव्या इमारती उठायला लागल्या तेव्हा लियाकत मुद्दाम निवृत्तीला सायकलीवर तिकडं नेई. वाटायचं, हा काहीतरी बोलेल. हिचं नाक दाबलंय म्हणेल, हिला वायू झालाय म्हणेल. निवृत्ती म्हणायचा, "बरी आहे." एकदा एका ओळखीच्या मयताला दोघं गेले. लियाकत त्याच्याकडंच बघत होता. निवृत्ती आत गेला, चप्पल काढली, आणि वर न बघता खाली बसला. लियाकत घरी येऊन गुलजारबीला म्हणाला, "संपलं गं." तिनं विचारलं, कोण गेलं? त्याला सांगता येईना.

निवृत्ती पगारे शहाऐंशीच्या डिसेंबरात, थंडीनं, न्यूमोनिया होऊन वारला. खोली नोकरीवरच्या माणसासाठी होती, त्यामुळं चांगुणाबाई महिन्याभरात ती रिकामी करून निफाडला भावाकडं गेली. त्या खोलीत आता कचेरीच्या जुन्या फायली ठेवलेल्या आहेत.